मोठं घर, थोडी माणसं

फ्लोरेन्स, मंगळवार, रात्र

आज पलात्सो मेडिची रिकार्डी पाहिला. मला त्याला राजवाडा म्हणवत नाही. तो बांधणारा कोझिमो मेडिची राजा नव्हता, पेढीवाला होता. वाडाच म्हणते.

मी लवकर पोहोचले, म्हणून आधी बाहेरच्या दगडी ओट्यावर टेकले. वाड्याच्या भिंतीलगत तो लांबच लांब गेलाय. कोझिमोकडे काम घेऊन आलेली माणसं इथे तिष्ठत बसायची. पाठीशी खालच्या मजल्याचे ओबडधोबड, पुढे आलेले दगड. मधल्या मजल्यावर ते सपाट होतात, सांधे तेवढे दिसतात, आणि वरचा मजला अगदी गुळगुळीत. 1444 साली वास्तुकार मिकेलोत्सोने काम सुरू केलं. त्याआधी ब्रुनेलेस्कीचा आराखडा फार भपकेदार म्हणून कोझिमोने नाकारला, असं सांगतात. लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये, ही काळजी.

आत चौक. भोवती खांब, कमानी, वर आभाळाचा तुकडा. शिल्पकार दोनातेल्लोचा डेव्हिडचा ब्राँझ पुतळा एके काळी याच चौकात उभा होता. मागच्या बागेत कुंड्यांमधून लिंबाची झाडं.

मग वरचं देवघर. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात, ते बरंच आहे. दार ओलांडलं आणि मी बोलायचंच विसरले. 1459 मध्ये बेनोत्सो गोत्सोलीने तिन्ही भिंतींवर बाळ येशूच्या दर्शनाला बेथलेहेमला निघालेल्या तीन राजांची मिरवणूक रंगवली. घोडे, शिकारी कुत्रे, बाजपक्षी, टेकड्यांवरून वळत जाणारी वाट, आणि ठिकठिकाणी खरं सोनं. मेणबत्तीच्या उजेडात ते कसं हललं असेल! गर्दीत चित्रकार स्वतःही आहे, लाल टोपीच्या काठावर स्वतःचं नाव लिहून. 1659 मध्ये वाडा रिकार्डी घराण्याने घेतला, आणि पुढे जिन्यासाठी या खोलीचा कोपरा कापला. तिघांतल्या वृद्ध राजाच्या मिरवणुकीचे तुकडे झाले. ती भिंत बघताना पोटात तुटलं.

पण मी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं ते कोझिमोला. मुलगा पिएरो पांढऱ्या घोड्यावर, आणि त्याच्या शेजारी म्हातारा साध्या खेचरावर. 1463 मध्ये त्याचा धाकटा मुलगा जोव्हान्नी गेला. त्यानंतर कोझिमोला उचलून या दालनांतून फिरवत, तेव्हा तो उसासून म्हणे, इतक्या थोड्या माणसांना हे घर फार मोठं आहे. दुसऱ्याच वर्षी तोही गेला. हे वाक्य मी आधी वाचलं होतं. आज त्याच्या खोल्यांतून चालताना ते कानात घुमत राहिलं.

बाबा गेल्यापासून आई वाईच्या घरात एकटी असते. वरच्या माडीला कुलूप आहे. ती खालच्या दोन खोल्यांतच वावरते.

बाहेर येऊन पुन्हा ओट्यावर बसले आणि तिला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ, तिचं जेवण झालेलं. वाडा सांगितला, चौक सांगितला, खेचरावरचा म्हातारा सांगितला. त्याचं ते वाक्य मात्र सांगितलं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओट्यावर बसू देतात का गं?"

"देतात. आत्ता तिथेच बसलेय."

"मग बस जरा. थंड असेल दगड."

थंडच होता. मी अंधार पडेपर्यंत बसले.