चर्चिलना नकार देणारा पर्थचा माणूस

पर्थला शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी 'कर्टिन' हे नाव सतत असतं. कर्टिनला ॲडमिशन मिळाली, कर्टिनची फी भरायची आहे, कर्टिनच्या लायब्ररीत बसलोय. पण ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ, ते जॉन कर्टिन कोण, हे क्वचितच कुणी विचारतं. मुलांना भेटायला पुण्या-नाशिकहून आईवडील येतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

कर्टिन ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले ७ ऑक्टोबर १९४१ रोजी. दोन महिन्यांत जपान युद्धात उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं आणि सुमारे पंधरा हजार ऑस्ट्रेलियन सैनिक कैद झाले. त्याच शरणागतीत आपले हजारो हिंदी सैनिकही जपान्यांच्या हाती लागले आणि त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. चारच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले. दोनशेहून जास्त माणसं गेली. आणि देशाचं कसलेलं सैन्य कुठे होतं? मध्यपूर्वेत ब्रिटनसाठी लढून जहाजांनी परत निघालेलं, हिंदी महासागरात.

चर्चिलना ते सैन्य ब्रह्मदेशात हवं होतं, रंगून वाचवायला. रूझवेल्टनीही गळ घातली. लंडनमधले ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे प्रतिनिधीसुद्धा 'द्या' म्हणत होते. कर्टिन 'नाही' म्हणाले. चर्चिलनी तर होकाराची वाट न पाहता जहाजं परस्पर रंगूनच्या दिशेला वळवली आणि मग कळवलं. कर्टिननी तारेनं ठणकावून सांगितलं, माझी माणसं घरी येतील. जहाजं कोलंबोला इंधन भरून ऑस्ट्रेलियाकडे निघाली.

इथवरची गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सापडते. मला जास्त भिडतं ते यानंतरचं. त्या जहाजांना पुरेसं लढाऊ संरक्षण नव्हतं आणि वाटेत जपानी पाणबुड्यांची भीती. एक जहाज जरी बुडालं असतं, तरी हजारो घरांचं दुःख या एका माणसाच्या नावावर लागलं असतं. कर्टिनना झोप लागेना. कॅनबेराच्या 'द लॉज' या पंतप्रधान निवासाच्या आवारात ते रात्र रात्र येरझाऱ्या घालत. मार्चमध्ये सैन्य सुखरूप पोचलं. रंगून ८ मार्चलाच पडलं होतं. कर्टिननी मान तुकवली असती, तर त्या जहाजांवरची, सैन्याच्या सातव्या डिव्हिजनची ती माणसं बहुधा त्या माघारीत सापडली असती. त्याऐवजी त्यांच्यातलेच पुष्कळ जण काही महिन्यांनी न्यू गिनीच्या कोकोडा वाटेवर चिखलात, मलेरियात जपान्यांशी लढले.

हा निर्णय घेणारा माणूस काही लष्करी घराण्यातला नव्हता. व्हिक्टोरियातल्या क्रेसविक गावी १८८५मध्ये जन्म, लहान वयातच शाळा सुटली, पुढे लाकूड कामगारांच्या संघटनेचे सचिव. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीला कडाडून विरोध केला, त्यापायी १९१६मध्ये काही दिवस तुरुंगात काढले. दारूच्या व्यसनाशीही बरीच वर्षं झुंज दिली. १९१७मध्ये कामगारांच्या वृत्तपत्राचे संपादक म्हणून पर्थला आले, एल्सींशी लग्न केलं आणि पुढे फ्रीमँटलमधून खासदार झाले. १९३५मध्ये लेबर पक्षाचं नेतेपद मिळालं तेही अवघ्या एका मतानं, आणि दारूला शिवणार नाही हा शब्द दिल्यावर.

सक्तीच्या भरतीविरुद्ध तुरुंगात गेलेल्या याच माणसाला १९४३मध्ये कायदा बदलून सक्तीनं भरती झालेल्या सैनिकांना देशाबाहेर पॅसिफिकमध्ये पाठवण्याची मुभा घ्यावी लागली. पक्षातल्या जुन्या सोबत्यांनी त्यांना तोंडावर नाही नाही ते ऐकवलं. मला वाटतं, चर्चिलना नकार देण्यापेक्षा हे कितीतरी जड गेलं असणार. जनता मात्र पाठीशी होती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत लेबरनं ७४पैकी ४९ जागा जिंकल्या.

एक गोष्ट मी आईवडिलांपासून लपवत नाही. कर्टिन 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरणाचे, म्हणजे गोऱ्यांखेरीज इतरांना देशात वसू न देण्याच्या धोरणाचे, पक्के समर्थक होते, संसदेत युद्धाच्या भाषणातही त्यांनी ते ठासून मांडलं होतं. त्यांच्या ऑस्ट्रेलियात तुमच्या-माझ्या मुलांना शिकायला येऊन इथेच स्थायिक होणं जवळपास अशक्य होतं. याचा मला राग येतो, आणि तरीही त्या फेब्रुवारीतल्या माणसाबद्दलचा आदर कमी होत नाही. दोन्ही खरं आहे.

युद्धानं त्यांना पोखरलं. नोव्हेंबर १९४४मध्ये हृदयविकाराचा झटका आला, आणि ५ जुलै १९४५ रोजी, पदावर असतानाच, द लॉजमध्ये ते गेले. जपाननं शरणागती पत्करली ती १५ ऑगस्टला.

पर्थला आलात तर फ्रीमँटलची लोकल पकडा. वाटेत कॅराकाटा स्टेशन लागतं, तिथल्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. पुढे कॉटेस्लो. स्टेशनपासून जॅरड स्ट्रीटवर चालत गेलं की १९२३मध्ये बांधलेलं त्यांचं साधं बैठं घर दिसतं. पंतप्रधान झाल्यावरही कुटुंबाचं घर हेच होतं. शेवटचं स्टेशन फ्रीमँटल, त्यांचा मतदारसंघ. टाउन हॉलजवळ त्यांचा पुतळा आहे. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात सगळं निवांत होतं.