परागकण काळ सांगतो, फूल कूळ सांगतं

सपुष्प वनस्पतींचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा फुलांचा नाही, परागकणांचा आहे. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या क्रिटेशस या भूवैज्ञानिक कालखंडातल्या गाळात एकच खाच असलेले कण मिळतात. तीन खाचांचे कण त्यानंतर, साडेबारा कोटी वर्षांच्या आसपास दिसू लागतात. हा क्रम जगात अनेक ठिकाणी तसाच आढळतो, म्हणून त्यावर माझा विश्वास आहे.

पण एक खाच सायकस आणि गिंको या फुलं न येणाऱ्या, उघड्या बियांच्या (अनावृतबीजी) झाडांच्या कणांनाही असते. त्यामुळे कणाची भिंत पाहावी लागते: वर छत, खाली तळ आणि मध्ये बारीक खांब. सपुष्पांच्या कणात ही रचना असते. अनावृतबीजींच्या भिंतीचा आतला थर पापुद्र्यांचा असतो. ते पापुद्रे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच नीट दिसतात, साध्या सूक्ष्मदर्शकावर निकाल देऊ नये.

परागकण काढायला थोडासाच खडक पुरतो. हवेला उघडा पडलेला बाहेरचा भाग आधी काढून टाकायचा, नाहीतर आजचे गवताचे पराग क्रिटेशसच्या नावावर जमा होतात. बाकीचा खडक वाटाण्याएवढा फोडायचा, पीठ करायचं नाही, कण तुटतात. आधी चुनखडी विरघळवायला हायड्रोक्लोरिक आम्ल, फसफस पूर्ण थांबेपर्यंत. मग भरपूर धुवून, वाळू-माती विरघळवायला हायड्रोफ्लोरिक. क्रम उलटला किंवा चुनखडी उरली, तर कॅल्शियम फ्लोराइडचे स्फटिक बनतात आणि स्लाइड झाकून टाकतात. हायड्रोफ्लोरिक काच खातं, त्यामुळे भांडी प्लास्टिकचीच हवीत. ते त्वचेतून हाडापर्यंत जातं, म्हणून वाफा बाहेर खेचणारं कपाट (फ्यूम हूड) आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. शेवटी १० मायक्रॉनची चाळणी. नायट्रिक आम्लाचा मोह आवरावा: कण उजळतात, पण पातळ भिंतीचे कण विरून जातात आणि नेमके तेच जुने सपुष्प असू शकतात.

फुलांची वाट वेगळी आहे. एल्झे मारी फ्रीस आणि आनी स्कार्बी या जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासकांनी १९८१ साली दक्षिण स्वीडनमधल्या उत्तर क्रिटेशस गाळातली फुलं जाहीर केली, आणि नंतर पोर्तुगालच्या पूर्व क्रिटेशस मातीतून अशा फुलांचा मोठा साठा निघाला. बहुतेक फुलं मिलिमीटरभराची. वणव्यात कोळसा झाल्यामुळे त्यांचा आकार टिकला. लिग्नाइट, म्हणजे गाडली जाऊन तपकिरी दगडी कोळसा झालेली मात्र चेपतात. सुटा गाळ आधी पूर्ण वाळवायचा, मग पाण्यात टाकायचा. ओला गाळ तसाच भिजवला तर नीट फुटत नाही. १२५ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवायचं. बोटाने चोळलं की पुंकेसर गेले. उरलेली माती आम्लांनी काढून, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने निवडायचं. आत पाहायला आता सिंक्रोट्रॉन या कणप्रवेगक यंत्रातले प्रखर क्ष-किरण वापरतात, फूल कापावं लागत नाही.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधल्या चर्ट या गारगोटीसारख्या खडकातही सुंदर फुलं आहेत, मध्य प्रदेशातल्या मोहगाव कलांचं साहनिआंथस हे जीवाश्म फूल प्रसिद्धच आहे. पण ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांची. सपुष्पांच्या आरंभाच्या प्रश्नाला त्यांचा उपयोग नाही.

खरी किंमत आहे ती फुलातच सापडलेल्या परागाला. क्लाव्हाटिपोलेनाइटिस नावाचे सुटे जीवाश्म कण दीर्घकाळ क्लोरँथेसी या आजही असलेल्या सपुष्प कुळाशी जोडले जात. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या कूपेराइटिस या क्रिटेशस जीवाश्म फळाच्या कुक्षीवर त्याच प्रकारचे कण चिकटलेले मिळाले, पण आतलं बीजांड उलटं वळलेलं निघालं. आजच्या क्लोरँथेसीत ते सरळ असतं. म्हणजे त्या परागाचे सगळे मालक एकाच कुळात बसवता येत नाहीत.