लेकाचं पहिलं शूटिंग आणि आमची धावपळ (माझा अनुभव)

आम्ही कळव्याला राहतो, मुलगा सातवीत. सहावी-सातवीच्या पोरांवर फॅमिली कॉमेडी सिनेमा निघतोय, मुलं हवीयत असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर आला आणि ह्यांनी मला न विचारता त्याचा फोटो पाठवून दिला.

ऑडिशन आरामनगरला. म्हणजे कळव्याहून स्लो लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, वर्सोव्याला उतरून रिक्षा, आणि तिथे आधीच ही रांग. प्रत्येकाला सांगत होते, तुझा डबा कुणीतरी पळवलाय, सरांकडे तक्रार कर. बाकीची पोरं रडून वगैरे दाखवत होती, आमचा म्हणाला, "सर, भाजी खाऊ दे त्याला, चमचा तेवढा परत द्यायला सांगा, आई मारेल." सगळे हसले. खरं सांगते, ही काय ॲक्टिंग नव्हती, त्या महिन्यात ह्याने तीन चमचे हरवले होते.

रोल मिळाला तिसऱ्या बाकावरच्या मुलाचा, पाच डायलॉग. हिरो नाही म्हणून दोन दिवस तोंड फुगलेलं.

मला वाटलं आता शूटिंगलाच जायचं. कसलं काय! 14 वर्षांखालचा मुलगा असला की कलेक्टरची परवानगी लागते, ती निर्मात्याने काढायची आणि जिथे शूटिंग त्या जिल्ह्यात. आमचं शूटिंग ठाण्यातच एका शाळेत, म्हणून कोर्टनाक्याचं ऑफिस. ते त्यांचा माणूस बघत होता, आम्ही फक्त संमतीपत्र आणि बाकीचे कागद द्यायचे. त्याच्या शाळेने तर युनिट टेस्ट झाल्याशिवाय पत्रच देणार नाही म्हणून सांगितलं, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

नियम मी नीट वाचून काढले, बाकीच्या पालकांनीही वाचा. दिवसाला 5 तासांच्या वर काम नाही, 3 तास झाले की ब्रेक द्यायचाच, सलग 27 दिवसांच्या वर नाही, आणि जास्तीत जास्त 5 मुलांमागे एक जबाबदार माणूस. 2017 पासून आहे हे. आणि मुलाच्या कमाईतले निदान 20 टक्के त्याच्या नावाने नॅशनलाइज्ड बँकेत एफडी, ते त्याला 18 पूर्ण झाल्यावरच.

त्या एफडीने दमवलं मला. जन्मदाखल्यावर स्पेलिंग एक, आधारवर एक 'ए' जास्त. बँकेतले म्हणे मॅडम आधी आधार दुरुस्त करा. केलं, परत गेले तर फॉर्म बदललेला. चौथ्या फेरीत काम झालं. पावती बघून हा विचारतो, "म्हणजे सायकल अठराव्या वर्षी?"

शूटिंग दिवाळीच्या सुट्टीत झालं, माझी सगळी सुट्टी शाळेच्या पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर गेली, फराळ ह्या वर्षी विकतचा. डबा खायच्या सीनचे नऊ टेक झाले, प्रत्येक टेकला तीच गार बटाट्याची भाजी. घरी येऊन म्हणाला आता महिनाभर बटाटा नको. पाचातले दोन डायलॉग तर तिथेच उडाले, एक हिरोला गेला. त्यावर मात्र गप्प बसला, मलाच राग आला.

सिनेमा अजून यायचाय. शेवटच्या दिवशी त्याचं दप्तर आवरायला घेतलं तर आत चार चमचे, त्यातला आमचा एकही नाही. प्रॉडक्शनच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला राहू द्या ताई.