लेमा ३ पाशी अडलेले दिवस

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज अखेर रेफरी रिपोर्ट पाठवला, म्हणजे गणिताच्या जर्नलने छापण्याआधी तपासायला दिलेल्या पेपरवरचं माझं मत. बेचाळीस पानांचा पेपर, तीन महिन्यांची मुदत होती, ती संपून वर दोन आठवडे गेले, मधे एडिटरचा सभ्य शब्दांतला रिमाइंडरही येऊन गेला, आणि खरं सांगायचं तर त्यातले कितीतरी दिवस मी ती फाईल उघडलीच नव्हती. पण ज्या दिवशी नीट वाचायला बसले त्या दिवसापासून तो पेपर डोक्यातून जाईना. म्हणून लिहून ठेवतेय, कारण या कामाबद्दल कुणाशी बोलताच येत नाही. रिव्ह्यू गुप्त, नाव कुठे लागत नाही, पैसे मिळत नाहीत, घरी कुणी विचारलं की इतका वेळ काय करतेस तर "कुणाचं तरी प्रूफ, म्हणजे गणितातली सिद्धता, तपासतेय" एवढंच सांगायचं. (पेपर अजून छापलेला नाही म्हणून विषयाचे तपशील बदललेत, चूक ज्या जातीची होती तशीच ठेवलीय.)

पेपर ग्राफवरचा. ग्राफ म्हणजे काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि कनेक्टेड ग्राफ म्हणजे कुठल्याही ठिपक्यावरून निघून रेघारेघांनी कुठल्याही ठिपक्यापर्यंत पोचता येतं असा. मुख्य थिअरम (प्रमेय) म्हणतं की अशा प्रत्येक ग्राफमध्ये अमुक एक मोजमाप ठिपक्यांच्या संख्येच्या ठराविक पट अधिक एक, याच्या पुढे जात नाही. सगळं उभं आहे लेमा ३ वर, म्हणजे थिअरमसाठी आधी सिद्ध केलेल्या छोट्या विधानावर, आणि लेमा ३ उभा आहे इंडक्शनवर, म्हणजे लहान ग्राफसाठी खरं तर मोठ्यासाठीही खरं असं दाखवत जाण्यावर. ज्या ठिपक्याला सगळ्यात जास्त रेघा आहेत तो उचलायचा, काढून टाकायचा, उरलेल्या लहान ग्राफला तीच गोष्ट लावायची. आणि मधे एक छोटीशी ओळ, "उरलेला ग्राफ कनेक्टेड आहे हे उघड आहे."

त्या ओळीवरून मी दोनदा सरळ पुढे गेले. दोनदा! लेखकाने "उघड आहे" म्हटलं की वाचणाऱ्याला थांबायला लाज वाटते, आपल्यालाच कळत नाहीये की काय असं होतं. तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती म्हणून प्रिंटआऊटच्या समासात सहज एक चित्र काढलं, मधे एक ठिपका, भोवती पाच, मधल्यापासून पाचांना पाच रेघा. स्टार ग्राफ, पहिल्या वर्षाची मुलं काढतात तो. सगळ्यात जास्त रेघा कुणाला? मधल्याला. त्याला काढा. उरले पाच सुटे ठिपके, कुणाचा कुणाशी संबंध नाही.

पहिली दोन मिनिटं आनंदच झाला, चूक सापडली की होतो तसा. मग पोटात कसंतरी झालं, कारण त्या बाजूला कुणीतरी बसलंय ज्याने यावर वर्ष दोन वर्षं घातली असतील, आणि मी समासात काढलेल्या सहा ठिपक्यांनी त्याच्या प्रूफचा मधला खांबच काढून घेतला होता.

पण लेमाचं प्रूफ मोडलं म्हणजे थिअरम खोटं ठरत नाही, आणि माझं अर्धं काम इथून सुरू झालं. मी दुरुस्त करून बघायला लागले. प्रत्येक कनेक्टेड ग्राफमध्ये असा ठिपका असतोच जो काढला तरी बाकीचा ग्राफ तुटत नाही, मग तोच का नाही काढायचा? कारण त्याला सगळ्यात जास्त रेघा असतीलच असं नाही, आणि पुढचा सगळा हिशोब त्या "सगळ्यात जास्त" वर बेतलेला आहे. बरं, तुटू दे ग्राफ, प्रत्येक तुकड्याला वेगळं इंडक्शन लावू आणि बेरीज करू? मग प्रत्येक तुकड्याचा तो "अधिक एक" साठत जातो, पाच तुकडे झाले की अधिक पाच, मर्यादा गेली हातातून. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी छोटा प्रोग्राम लिहिला आणि आठ ठिपक्यांपर्यंतचे सगळे कनेक्टेड ग्राफ एकेक करून तपासले. एकसारखे दिसणारे वगळले तरी नुसत्या आठ ठिपक्यांचेच ११,११७ असतात. एकातही थिअरम मोडलं नाही. स्क्रीनवर ते दिसलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, जिचं किंवा ज्याचं नावसुद्धा मला माहीत नाही त्या माणसासाठी.

मग रिपोर्ट. आधी लिहिलं होतं, "प्रूफ चुकीचं आहे." ते खोडलं आणि तीन वेगवेगळी वाक्यं केली. लेमा ३ चं प्रूफ लागत नाही, स्टार ग्राफ बघा. मुख्य थिअरम मला मोडता आलं नाही, आठ ठिपक्यांपर्यंत तपासलंय. सेक्शन ५ मला समजलेला नाही, तो चूक आहे असं माझं म्हणणं नाही. शिफारस मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठी दुरुस्ती करून परत पाठवा.

ही तीन वाक्यं वेगळी ठेवायला मला बरीच वर्षं लागली. नवीन नवीन रेफरी झाले होते तेव्हा एक पेपर आला होता, नोटेशन अनोळखी, भाषा अडखळती, आणि मला तो समजेना. मी लिहिलं, "युक्तिवाद संशयास्पद वाटतो", आणि रिजेक्ट सुचवलं. समजलं नाही हे लिहायला कमीपणा वाटला म्हणून संशयास्पद लिहिलं, दुसरं काही कारण नव्हतं. दोन वर्षांनी तोच पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये छापून आला, प्रूफ तेच, फक्त समजावून सांगणारी चार पानं वाढलेली, आणि पहिल्यापासून बरोबर होता. लेखक पीएचडीला असेल तर त्या दोन वर्षांची किंमत मला माहीत आहे, कारण माझाही एक पेपर चौदा महिने पडून होता आणि मग दोन ओळी आल्या होत्या, निकाल फारसा रंजक नाही, रिजेक्ट. कुठला लेमा, कुठलं पान, काही नाही. तेव्हा मी रडले होते, आणि तरीही पुढे स्वतः तेच केलं, फक्त जरा लांब वाक्यात.

गॅल्वा या तरुण फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट त्यानंतर मला वेगळीच दिसायला लागली. १८३१ मध्ये पॅरिसच्या अकादमीसाठी गणितज्ञ प्वासाँने त्याचा लेख तपासला आणि कळवलं की युक्तिवाद पुरेसा स्पष्ट नाही, पुरेसा मांडलेलाही नाही, तेव्हा तो बरोबर आहे की नाही हे ठरवता येत नाही. सगळेजण प्वासाँला खलनायक करतात. मला आता तसं वाटत नाही. खोटं आहे असं तो म्हणालाच नव्हता, उलट लेखकाने सगळं काम सविस्तर मांडावं मग मत देता येईल असंही सुचवलं होतं. रिपोर्ट म्हणून तो प्रामाणिकच होता. फक्त पुढच्याच वर्षी गॅल्वा विसाव्या वर्षी गेला आणि ते काम छापून यायला १८४६ उजाडलं. रेफरीने सगळं बरोबर केलं तरी असं होऊ शकतं हे मला फार जड जातं.

आणि दुसऱ्या बाजूला निक कॅट्झ, वाइल्सच्या पेपरचा एक रेफरी. १९९३ च्या जूनमध्ये गणितज्ञ वाइल्सने फर्माच्या शेवटच्या प्रमेयाचं प्रूफ मिळाल्याची घोषणा केली, जगभर बातम्या झाल्या, आणि कॅट्झ उन्हाळाभर आपल्या वाट्याचा भाग ओळ न ओळ वाचत बसला, अडलं की वाइल्सला ईमेल करून विचारायचं, उत्तर आलं की पुढे. आख्खं जग टाळ्या वाजवत असताना "मला ही पायरी कळली नाही" असं विचारायचं! त्यातल्याच एका प्रश्नाचं उत्तर पुरेना, परत विचारलं तरी पुरेना, आणि मग लक्षात आलं की तिथे खरंच भोक आहे. ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला, रिचर्ड टेलरची मदत लागली, पेपर १९९५ मध्ये छापला गेला. मी जेव्हा जेव्हा "समजलं नाही" लिहिताना कचरते तेव्हा मला हा माणूस आठवतो.

माझ्या गाईड मॅडमही हेच सांगायच्या. "अगं, कळलं नाही तर कळलं नाही असं लिही, तू नीट वाचूनही तुला कळलं नाही तर बाकीच्यांना कुठून कळणार, लेखकाच्याच फायद्याचं आहे ते." मी मान हलवायचे आणि घरी येऊन "संशयास्पद" लिहायचे.

बुधवार

काल झोपच लागली नाही नीट. कॉन्फरन्सचे पाच पेपर आलेत, तीन आठवडे. कॉम्प्युटर सायन्समधली ही पद्धत मला अजून अंगवळणी पडलेली नाही, गणिताच्या जर्नलमध्ये वर्षभर वाट बघणं कुणाला नवल वाटत नाही आणि इथे तीन आठवड्यांत पाच पेपर, मग लेखकांचं रिबटल, म्हणजे आक्षेपांना उत्तर, मग चर्चा, मग निकाल. वाचायला वेळच नसेल तर "समजलं नाही" आणि "चूक आहे" यातला फरक करायचा कधी? मशीन लर्निंगच्या नीप्स कॉन्फरन्सने २०१४ मध्ये प्रयोग केला होता, १६६ पेपर दोन वेगळ्या कमिट्यांकडे दिले, एकमेकींना न कळवता, तर ४३ पेपरांवर दोघींचे निकाल वेगळे आले. म्हणजे चारातल्या एका पेपरचं नशीब तो कुणाच्या टेबलावर पडला यावर. मला त्या कमिट्यांचा राग येत नाही, त्यांनी स्वतःचंच काम असं उघड तपासलं याचा आदरच वाटतो, पण त्या ४३ मध्ये कुणाकुणाचा पहिला पेपर असेल हा विचार जात नाही.

आज पाचपैकी दोन परत केले. एडिटर म्हणाले नाराज होऊ नका पण इतरांनीही परत केलेत. वाईट वाटलं, तरी तीनच नीट वाचीन.

शनिवार

सेक्शन ५ परत उघडला. रिपोर्ट गेलाय, उघडायची गरज नव्हती, पण "समजलेला नाही" असं सही न करता का होईना मी लिहून दिलंय, तर ते पुरतं खरं असायला हवं असं वाटलं. हेल्स या गणितज्ञाच्या केप्लर कंजेक्चरच्या (एकसारखे गोळे जास्तीत जास्त दाटीने कसे रचायचे याबद्दलचा अंदाज) प्रूफसाठी बारा रेफरी होते, कित्येक वर्षं वाचलं आणि शेवटी सांगितलं की ९९ टक्के खात्री आहे, पूर्ण सर्टिफिकेट देण्याइतकी शक्ती आता उरली नाही. पेपर २००५ मध्ये छापला गेला आणि हेल्सने पुढची कितीतरी वर्षं ते प्रूफ कॉम्प्युटरकडून पायरी पायरीने तपासून घेण्यात घातली, २०१४ मध्ये ते पूर्ण झालं. रेफरी थकले असं लेखी कळवणं किती अवघड गेलं असेल. मला तर एका सेक्शनबद्दल लिहिताना हात थांबत होता.

दुपारी तीन तास बसले. पान ३१ वर एक असमानता आहे, तिची डावी बाजू कुठून आली हे पहिल्या वाचनात मला दिसलंच नव्हतं. आज दिसलं. ती लेमा ३ मधून नाही आलेली, लेमा २ मधून आलीय, लेखकाने फक्त नंबर चुकीचा टाकलाय. म्हणजे सेक्शन ५ चा हा अर्धा भाग त्या तुटलेल्या खांबावर उभाच नाही. त्यातून लेमा ३ ला वळसा घालून जाता येईल का? कागदावर बघितलं, सुट्या तुकड्यांचा तो "अधिक एक" इथे एकदाच येतो, साठत नाही. अजून पूर्ण पटलेलं नाही, एका केसमध्ये, जिथे सगळे तुकडे एकेक ठिपक्याचे आहेत, हिशोब लागत नाहीये. तीच केस, स्टारची.

एडिटरना लिहिलं की रिपोर्टला एक पुरवणी जोडायची आहे, लेखकाकडे जायच्या आधी जमेल का. अर्ध्या तासात उत्तर आलं, सोमवारपर्यंत थांबतो.

समोर परत तेच चित्र आहे, मधे एक, भोवती पाच. यावेळी मधला न काढता बाहेरचा एक काढून बघतेय.