‘काही नाही, नंतर सांगते’

ऐकू न येणारी किंवा कमी दिसणारी मुलगी गप्प राहू लागली की घरात उत्तर तयारच असतं: ‘तिचं तसंच आहे, स्वभावच एकलकोंडा.’ या एका वाक्यामुळे कित्येक मुलांचं नैराश्य वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते. याचं मूळ बरेचदा कानांत किंवा डोळ्यांत नसतं, रोज थोडं थोडं वगळलं जाण्यात असतं.

जेवताना सगळे हसतात, मुलगी ‘काय झालं?’ विचारते, आई म्हणते, ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते नंतर कधी येत नाही. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असतात आणि साइन, म्हणजे खुणांची भाषा, त्यांना येत नाही. ‘ओठ वाचते की ती’ हा भरवसा फसवा आहे. पाप, बाप, माप ओठांवर एकसारखेच दिसतात. क आणि ग तर जवळजवळ दिसतच नाहीत. बाकी सगळं अंदाजानं भरायचं. कॉलेजात पाच तास हे करून घरी आलेल्या मुलीनं दार लावून घेतलं तर ती रुसलेली नसते, दमलेली असते. पण सुटीतही दार बंदच, मैत्रिणींशी व्हिडिओ कॉलसुद्धा थांबलेले, आणि हे दोन आठवडे चाललेलं असेल, तर ते नुसतं दमणं नाही.

दृष्टीचं थोडं वेगळं असतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारात आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेचा घेर आवळत जातो. आधी संध्याकाळचा क्लास सुटतो, पुढे गाडी चालवणं. दर वेळी नव्यानं दुःख होतं. ज्यांना उजेडाचीही जाणीव नाही, त्यांच्यातल्या अनेकांचं शरीराचं घड्याळ रोज थोडं सरकतं. काही आठवडे झोप उत्तम, मग काही आठवडे रात्रभर जाग. महिना-दीड महिना झोपेच्या वेळा लिहून ठेवल्या तर हे पकडता येतं. आणखी एक गोष्ट मुलं लपवतात: नजर गेल्यावर मेंदू कधी कधी आपणहून चेहरे, नक्षी दाखवतो. ती चित्रं खरी नाहीत हे मुलांना कळत असतं, आणि त्या चित्रांना आवाज नसतो. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. हे वेड नव्हे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मुलांचा जीव भांड्यात पडतो.

नाशिकच्या सिव्हिलमध्ये जा की खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे, आईला दुभाषी करू नका. आई नकळत उत्तरं गाळते, आणि आईसमोर मरणाचं कुणी बोलत नाही. मुलीच्याच शाळेतले सरही नकोत. कर्णबधिरांचं जग लहान असतं, बातमी फिरते. वेळ दुप्पट मागून घ्या. डॉक्टरांची पाठ खिडकीकडे नको, चेहऱ्यावर मास्क नको.

पीएचक्यू-9 या नैराश्य तपासण्याच्या प्रश्नावलीत गेल्या 2 आठवड्यांबद्दल 9 प्रश्न असतात, प्रत्येकी 0 ते 3 गुण. एकूण 10 किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी हवीच. पण फॉर्म नुसता हातात देऊ नये. साइनमध्ये वाढलेल्या मुलांचं लेखी मराठी कच्चं असू शकतं, मग ती सगळ्याला ‘हो’ करतात. पेपर वाचताना, टीव्ही पाहताना लक्ष लागतं का, हा प्रश्न अंध मुलाला ‘रेडिओ ऐकताना’ असा विचारावा. आणि जोरात खुणा करणं म्हणजे बेचैनी नव्हे. अमिट्रिप्टिलीनसारख्या नैराश्यावरच्या गोळीनं जवळचं धूसर दिसू शकतं, म्हणून कमी दिसणाऱ्या मुलासाठी हे आधीच विचारून घ्या.

‘मरून जावंसं वाटतं का?’ हे थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 24 तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. पण तो फोन आहे, कर्णबधिर मुलगी एकटी तो कसा लावणार? म्हणून आजच एक माणूस ठरवा, ज्याला साइन येते आणि जो रात्रीही मेसेज बघतो, आणि कोणता मेसेज आला की लगेच निघायचं तेही ठरवा. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या फवारणीची औषधं पडवीत उघडी पडलेली असतात. ती कुलपात टाका, किल्ली तुमच्याजवळ ठेवा.