काय उजेड पाडला!

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बदलायला सुतार घरी आला. आमचं घर घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत, सोळाव्या मजल्यावर. सुताराने पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला, ओट्याशेजारच्या कोपऱ्यात टेकवला, एक डोळा मिटून पाहिलं आणि शांतपणे निकाल दिला, “काका, भिंत गुण्यात नाही.”

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती भिंत मीच बांधलीय. मी मात्र गुडघे टेकून खाली बसलो. गुण्याच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरला. पात्याच्या आणि भिंतीच्या मधून उजेडाची एक रेघ बाहेर आली. खाली केसासारखी बारीक आणि वर जाता जाता चांगली सूतभर रुंद.

“काय उजेड पाडलाय!” माझ्या तोंडून निघून गेलं. सुतार हसला. त्याला वाटलं, मी बिल्डरला म्हणतोय.

हे वाक्य आमच्या फिटिंगच्या सरांचं. आठवी ते दहावी अशी तीन वर्षं मी ठाण्यातल्या एका टेक्निकल शाळेत काढली. शाळा फक्त मुलांची. मुलींची शाळा पलीकडच्या गल्लीत होती, आणि त्याविषयी मी एवढंच लिहितो, कारण माझे लेख घरीही वाचले जातात. बाकीच्या शाळांतली मुलं वह्या घेऊन जायची. आम्ही वह्यांबरोबर ड्रॉइंग शीटची गुंडाळी, टी-स्क्वेअर आणि वर्कशॉपचा निळा ॲप्रन घेऊन निघायचो. टी-स्क्वेअर दप्तरात मावत नसे. तो बंदुकीसारखा खांद्यावर टाकून गावदेवी मैदानावरून चाललं, की आपण कुठल्या तरी लढाईला निघालोय असं वाटायचं. लढाई होतीही. लोखंडाशी.

गुण्या म्हणजे जाड दांडा, त्याला नव्वद अंशांत बसवलेलं पातं, बस. जॉब डाव्या हातात धरायचा (आम्ही जे काही बनवत असू त्याला जॉबच म्हणत), तयार झालेल्या बाजूला दांडा घट्ट दाबायचा, पातं तपासायच्या बाजूवर अलगद टेकवायचं आणि सगळं खिडकीसमोर डोळ्यांच्या रेषेत आणायचं. पात्याखालून उजेड आला नाही तर बाजू काटकोनात. आला तर परत कानस, म्हणजे लोखंड घासायची फाइल. आमच्या वर्कशॉपला उत्तरेकडे मोठमोठ्या काचेच्या खिडक्या होत्या आणि बाहेर एक पिंपळ. सर त्या खिडकीपाशी उभे राहायचे आणि आम्ही रेशनच्या रांगेसारखे त्यांच्यासमोर. त्यांचे शेरे तीनच. उजेड अजिबात नसेल तर “हं.” जरासा असेल तर “अजून.” आणि भरपूर असेल तर जॉब उंच धरून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं, “वा! काय उजेड पाडलाय चिरंजीवांनी!”

जगात बाकी सगळीकडे उजेड ही चांगली गोष्ट समजतात, हे मला बरंच उशिरा कळलं.

उजेड बंद करायचा तो कानशीने. कानस चालवणं दिसायला सोपं. पण तिचे दात एकाच दिशेला तोंड करून असतात. ती पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. म्हणून पुढे दाबायची आणि मागे घेताना हलकी सोडायची. आम्ही नवशिके दोन्हीकडे जीव तोडून घासायचो. सर मागून म्हणायचे, “भांडी घासतोयस का रे?” दुसरी गंमत अशी, की पुढे ढकलताना हात नकळत झोपाळ्यासारखा वरखाली होतो, कडा जास्त घासल्या जातात आणि मधे टेकडी उरते. सपाट घासणं हे काही हाताचं काम नव्हे. ते पायांचं, खांद्यांचं आणि सगळ्यात जास्त म्हणजे कंटाळ्याचं काम आहे. पन्नास मिलिमीटर रुंदीची पट्टी अठ्ठेचाळीसवर आणायची, म्हणजे फक्त दोन मिलिमीटर. ऐकायला क्षुल्लक. त्याला दोन डबल पिरियड लागायचे आणि तळहाताला तीन फोड यायचे. कानशीच्या दातांत लोखंडाचा कीस अडकू नये म्हणून तिला आधी खडू फासायचा. वर्गातले खडू कुठे जातात याचं कोडं इतिहासाच्या बाईंना कधी सुटलं नाही.

लोखंडावर पेन्सिलची रेघ दिसत नाही. म्हणून आधी मोरचुदाचं पाणी लावायचं. क्षणात पट्टीवर तांबूस थर चढतो आणि त्यावर स्क्राइबरने मारलेली रेघ लख्ख उठते. पुढे रसायनशास्त्राच्या तासाला लोखंडाचा खिळा आणि कॉपर सल्फेटची अभिक्रिया आली, तेव्हा सगळा वर्ग एका सुरात “मोरचूद!” असं ओरडला. त्या धड्यात आम्हाला कुणीही हरवू शकलं नसतं. बाकीच्या धड्यांचं न बोललेलं बरं.

आमच्या बरोबरीच्या बहुतेकांचे वडील कंपनीत होते. ठाण्यात तेव्हा ‘कंपनीत’ एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नसे. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत झाली ती आमची वागळे इस्टेट. पुढे खाडीपलीकडे, कळव्यापासून बेलापूरपर्यंत रस्त्याच्या कडेने कारखान्यांची रांगच लागली. या सगळ्यांना फिटर हवे होते, टर्नर हवे होते, वायरमन हवे होते. टेक्निकलला गेलेला मुलगा पुढे आयटीआय करेल, ॲप्रेंटिस लागेल आणि चिकटेल, असा घरोघरचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त आमची बॅच बाहेर पडली १९८६ ला आणि तोवर कुणाच्या वडिलांच्या कंपनीत संप होता, तर कुणाच्या कंपनीला टाळं. आज वागळेत सोळा नंबर रोडला गेलात तर काचेच्या इमारती दिसतात आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं टपरीवर चहा पीत उभी असतात. पण ठाण्याचं एक बरं आहे. या शहराने नाक्यांना पुढाऱ्यांच्या आधी कारखान्यांची नावं दिली. शेअर रिक्षावाला आजही ओरडतो, “नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाइज!” मागे बसलेल्या मुलीला वाटतं, हा नितीन कोण असेल?

खंडेनवमीचं सांगायलाच हवं. बाकीच्या शाळांत दसऱ्याच्या सुमाराला पाटीवर एक-एकचे आकडे जोडून सरस्वती काढत. आम्हीही काढायचो, पण आमची खरी पूजा आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये. लेथला झेंडूची माळ, ड्रिलिंग मशीनला आंब्याचा डहाळा, ऐरणीवर हळदकुंकू. मोठ्या टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर सगळी हत्यारं मांडलेली, करवती, पटाशा, रंधे, कानशी, हातोड्या, सांडश्या. वर्षभर काळ्या तेलाचा वास मारणाऱ्या त्या शेडमध्ये त्या दिवशी उदबत्तीचा आणि तेलाचा मिळून असा काही वास सुटायचा, की मला अजूनही गॅरेजच्या बाजूला देऊळ लागलं की तिथे थांबावंसं वाटतं. फिटिंगचे सर त्या दिवशी धोतर नेसून येत. एरवी त्यांना खाकी डगल्यात पाहायची सवय, त्यामुळे ते आम्हाला कुणी दुसरेच वाटायचे.

तर नववीच्या वर्षी, पूजेच्या आदल्या दिवशी, हत्यारं पुसून तेल लावायचं काम आमच्या तुकडीकडे आलं. माझ्या वाट्याला आला सरांचा गुण्या. हाताला तेल होतंच. तो निसटला आणि पात्यावरच फरशीवर आदळला. आवाज मोठा झाला, पण त्या शेडमध्ये आवाजाचं काय एवढं? कुणी वळून पाहिलं नाही. मी तो उचलला, पुसला आणि पांढऱ्या कापडावर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहताना माझा हात थरथरत होता. भटजींना वाटलं, मुलगा भाविक आहे.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच पिरियडला सर म्हणाले, “आज गुण्याचीच परीक्षा.” माझ्या पोटात गोळा आला. गुण्या खरा आहे की नाही हे पाहायची एक जुनी युक्ती आहे. एक फळी घ्यायची, तिची एक कड रंध्याने अगदी सरळ करायची. त्या कडेला गुण्याचा दांडा लावून फळीवर एक रेघ मारायची. मग गुण्या पालथा करायचा, डावीचा उजवीकडे, आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. सरांनी दुसरी रेघ मारली. खाली दोघी एकत्र निघाल्या आणि वर जाता जाता चिमणीच्या चोचीसारख्या फाकल्या.

“खरी चूक याच्या निम्मी,” सर फळीवर बोट ठेवून म्हणाले. “पालथा केला म्हणून दुप्पट दिसते.” मग त्यांनी मान वर केली. “कोणी पाडला?”

चाळीस मुलं. बाहेर पिंपळाची पानं वाजत होती तेवढीच. सरांनी पुन्हा विचारलं नाही. गुण्या फडक्यात गुंडाळला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. पुढच्या पिरियडला त्यांच्या हातात दुसरा गुण्या होता, चकचकीत. वर्गात बातमी फिरली, की सर रविवारी मस्जिद बंदरला उतरून नागदेवीतून स्वतःच्या पैशांनी नवा घेऊन आले. बातमी कुणी आणली माहीत नाही. माझी झोप मात्र तिने उडवली.

दहावीच्या प्रॅक्टिकलला मेल-फीमेलचा जॉब होता. एका पट्टीत खाच आणि दुसरीला तशीच जीभ, दोन्ही एकमेकांत घट्ट बसायला हव्यात. मला पंचवीसपैकी अकरा मिळाले. मला कारण ठाऊक होतं. सरांना कळलं होतं, ते बोलले नव्हते, आणि त्यांनी हिशेब चुकता केला होता. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

यंदाच्या जानेवारीत आमच्या बॅचचं संमेलन झालं, तलावपाळीजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये. बत्तीस जण आले. केस गेलेले, पोटं आलेली, आणि तरी दारातून आत येताना प्रत्येक जण चौदा वर्षांच्या पोरासारखा लाजत होता. एकाचा रबाळ्याला डाय बनवायचा कारखाना आहे, सगळी यंत्रं संगणकावर चालणारी. दोघं बँकेतून निवृत्त. एक दातांचा डॉक्टर. तो सांगत होता, रूट कॅनालला जे वापरतात त्यालाही फाइलच म्हणतात. “तीच कानस रे, फक्त बारीक. आणि पेशंट मागे हलतो.”

सर आले रिक्षाने, चरईतून. वय ऐंशीच्या पुढे. माइक नको म्हणाले. त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, समोर बटाटेवडा आणि जिलेबी ठेवली. मी मनाशी ठरवून आलो होतो. सगळ्यांसमोर नाही, पण सांगून टाकायचं. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि घसा साफ केला, एवढ्यात रबाळेवाला उठून उभा राहिला.

“सर, एक कबुली द्यायचीय. तो नववीतला गुण्या मी पाडला. कपाट बंद करताना वरून खाली आला.”

“तू?” दातांचा डॉक्टर म्हणाला. “अरे, तो माझ्याकडून वाकला! मधल्या सुट्टीत आम्ही तलवारी खेळत होतो. एकाच्या हातात फुटपट्टी, माझ्या हातात गुण्या.”

बँकेतल्या दोघांपैकी एकाने सांगितलं, की त्याने त्या गुण्याने खिळा ठोकला होता. नंतर मी सांगितलं. म्हणजे सांगितलं कसलं, माझा नंबर चौथा होता. माझी चाळीस वर्षांची कबुली रांगेत उभी राहून द्यावी लागेल, असं मला कधीच वाटलं नव्हतं. मनात एक शंकाही आली, की इतक्या वेळा पडला असेल तर दोन-तीन पडण्यांत तो परत सरळसुद्धा झाला असेल.

सर जिलेबी खात सगळ्यांचं ऐकत होते. मग म्हणाले, “तो गुण्या वाकडाच होता रे.”

“म्हणजे?”

“खऱ्या गुण्याने परीक्षा दाखवली तर दोन्ही रेघा एकावर एक बसतात. पोरांना काय दिसणार? म्हणून एक वाकडा मुद्दाम ठेवला होता. दरवर्षी नववीला दसऱ्यानंतर तोच काढायचो.”

“आणि ‘कोणी पाडला’ ते?” रबाळेवाल्याने विचारलं.

“तेही दरवर्षी.” सरांनी बोटं फडक्याला पुसली. “विचारायला काय जातं? निदान महिनाभर तुम्ही हत्यारं जपून वापरायचात.”

हॉलमध्ये एवढा हशा उठला, की बाहेरचा चहावाला आत डोकावला. मला हसू येईना. मी डोक्यात वेगळाच हिशेब करत होतो.

“सर,” मी म्हणालो, “मग दहावीला मेल-फीमेलच्या जॉबला तुम्ही मला पंचवीसपैकी अकरा दिले, ते का?”

सरांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

“तुझा जॉब होय? त्याच्या फटीतून मला बाहेरचा पिंपळ दिसत होता.”