लाइक दिसलं की लगेच सिमिली? थांबा जरा

बोर्डाची परीक्षा जवळ आली की माझ्याकडे इंग्रजीला येणारे सगळे पोट्टे फिगर्स ऑफ स्पीच म्हणजे अलंकार घेऊन बसतात, दहावीच्या कवितेच्या अप्रिसिएशनमध्ये, म्हणजे रसग्रहणात, तो एक मुद्दा असतोच ना. आणि जवळपास सगळ्यांनी तीच यादी पाठ केलेली असते. लाइक किंवा अ‍ॅज आलं की सिमिली, इज आलं की मेटॅफर, ओ आलं की अपॉस्ट्रॉफी, झालं! ही यादी मला बिलकुल आवडत नाही कारण ती पोरांना वाक्य वाचूच देत नाही, पोरं फक्त शब्द शोधून राहतात.

आता हे बघा. "माय सिस्टर इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज माय मदर." दोनदा अ‍ॅज आहे, म्हणून सिमिली? नाही. बहीण खरंच आईएवढी उंच आहे, ही साधी माहिती झाली, टेप घेऊन मोजता येईल. "माय सिस्टर इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज अ लॅम्प पोस्ट" म्हटलं की मग सिमिली, कारण आता दोन वेगळ्याच जातीच्या गोष्टी शेजारी आल्या आणि मोजायला गेलो तर वाक्य टिकत नाही. "अ‍ॅज द बस रीच्ड सीताबर्डी, इट स्टार्टेड रेनिंग" यातला अ‍ॅज तर फक्त वेळ सांगतो, तिथे तुलनाच नाही.

म्हणून मी पोरांना एकच काम सांगते. वाक्य जसंच्या तसं खरं धरून वाचा आणि ते कुठे अडतं तिथे बोट ठेवा. नाव नंतर शोधू. नागपूरचा मे महिना यासाठी एकदम कामाचा आहे, पारा 45 च्या वर गेला की इथे माणसं आपोआपच अलंकारात बोलायला लागतात.

"इन मे, नागपूर इज अ फर्नेस." कुठे अडलं? नागपूर शहर आहे, भट्टी नाही, पण वाक्य सरळ म्हणतंय की आहे. मेटॅफर. "नागपूर बर्न्स लाइक अ फर्नेस" म्हटलं तर आता भट्टी आहे असा दावा नाही, भट्टीसारखं आहे एवढंच, म्हणजे सिमिली. "नागपूर पँट्स ऑल आफ्टरनून", शहर काही धापा टाकत नाही, धापा टाकतो जीव असलेला प्राणी, तर पर्सॉनिफिकेशन. "ओ नागपूर, व्हेन विल यू कूल डाउन?" इथे शहराबद्दल बोलणं थांबलं आणि शहराशीच बोलणं सुरू झालं, समोर ऐकणारं कोणी नसताना. ही अपॉस्ट्रॉफी, आणि समजा ओ काढून टाकला तरी ती अपॉस्ट्रॉफीच राहते, हे पाठांतरवाल्यांना कधी कळतच नाही. "आय ड्रँक अ हंड्रेड ग्लासेस ऑफ वॉटर" सरळ हायपरबोल, म्हणजे अतिशयोक्ती, त्यात काही डोकं लावायचं नाही.

खरी मजा पुढे आहे. "वी वॉक्ड होम ऑन अ थर्स्टी रोड." पोरं लगेच म्हणतात, मॅडम पर्सॉनिफिकेशन, रस्त्याला तहान लागली ना! मग मी विचारते, तहान कोणाला लागली होती रे? आपल्यालाच लागली होती ना जी, असं कोणीतरी मागून बोलतं, आणि तिथेच उत्तर आहे. तहान आपली, विशेषण जाऊन चिकटलं रस्त्याला. याला ट्रान्सफर्ड एपिथेट म्हणतात. "स्लीपलेस नाइट" तेच, झोप आपली गेली, रात्रीची नाही. म्हणजे विशेषणाचा खरा मालक वाक्यातच किंवा आसपास सापडला तर ट्रान्सफर्ड एपिथेट, आणि मालक नसेल, वस्तूच स्वतः माणसासारखी वागत असेल तर पर्सॉनिफिकेशन. एवढं नीट कळलं की दोघांची गडबड होत नाही.

आणि आपल्या मराठीच्या पोरांनी यात घाबरायचं काही कारणच नाही, हे मी फार मनापासून सांगते. उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करतो ते, आणि उपमान, म्हणजे ज्याच्याशी करतो ते, आपण शाळेच्या व्याकरणात शिकलेलो असतो. इंग्रजी साहित्य-समीक्षेत याच दोन भागांना टेनर आणि व्हेइकल ही नावं आय. ए. रिचर्ड्सनी 1936 मध्ये दिली, आणि आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक, यमक असे चार अलंकार कितीतरी शतकं आधी मोजून ठेवलेत. तर सिमिली दिसली की आधी उपमेय कोणतं, उपमान कोणतं आणि दोघांत सारखं काय हे लिहा, एक्सप्लेनेशन तयारच आहे. एका ठिकाणी फक्त सांभाळायचं. मराठीत जणू काही आलं की आपण उत्प्रेक्षा म्हणतो, पण "द लेक शोन अ‍ॅज इफ इट वेअर ग्लास" अशा वाक्याला इंग्रजीच्या पेपरात वेगळा कप्पा नाही, ते सिमिलीतच जातं.

अ‍ॅलिटरेशनमध्ये, म्हणजे जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज परत येतो तिथे, तर देवनागरी चक्क मदत करते. अ‍ॅलिटरेशन आवाजाचं असतं, अक्षराचं नाही. इंग्रजीत लिहिलेलं बघून पोरं सिटी आणि कॅट एकत्र धरतात कारण दोन्हीकडे सी आहे, आणि फाइव्ह फोन्स सोडून देतात कारण एकाचं स्पेलिंग एफनी सुरू होतं अन दुसऱ्याचं पीनी. मी म्हणते पेन्सिलने वर मराठीत लिहा. स आणि क वेगळे, फ आणि फ सारखे. "वन वंडरफुल वेन्सडे" इंग्रजीत बघाल तर पहिला शब्द ओनी सुरू होतो, मराठीत लिहिलं की तीन व समोर उभे.

सिनेक्डकी आणि मेटॉनिमी या दोन नावांनाच पोरं घाबरतात. 2017-18 च्या सीझनला विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हाचं वाक्य घ्या, "विदर्भा वन द रणजी ट्रॉफी." अकरा जिल्ह्यांचा विदर्भ मैदानात उतरला नव्हता, टीम उतरली होती, पूर्णाचं नाव घेऊन भाग सांगितला. सिनेक्डकी. "द टीम नीड्स फ्रेश लेग्ज" यात उलटं, पाय म्हटलं आणि अख्खे खेळाडू सांगितले, तीसुद्धा सिनेक्डकीच. पण हिवाळी अधिवेशनात "द विधान भवन वॉन्ट्स अ‍ॅन आन्सर" म्हटलं तर बिल्डिंग काही आमदारांचा भाग नाही, नुसता संबंध आहे, म्हणून मेटॉनिमी. भाग आहे की संबंध, एवढंच विचारायचं.

ऑक्सिमोरॉन आणि पॅरॅडॉक्सचं थोडक्यात सांगते, दोन उलटे शब्द शेजारी चिकटले, जसं ओपन सीक्रेट, की ऑक्सिमोरॉन, आणि अख्खं विधानच आधी उलटं वाटलं पण विचार केल्यावर पटलं, जसं "द मोअर यू गिव्ह, द मोअर यू हॅव", की पॅरॅडॉक्स.

एक शंका नेहमी येते की एका वाक्यात दोन अलंकार असले तर काय लिहायचं. असतात, आणि तेव्हा घाबरून जाऊ नका. "द सीताबर्डी हिल रिमेंबर्स 1817." टेकडीला आठवण नसते, म्हणून पर्सॉनिफिकेशन. आणि 1817 हे तर नुसतं साल आहे, टेकडीला आठवते ती त्या वर्षी आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तिथे झालेली लढाई, सालाचं नाव घेऊन घटना सांगितली म्हणून मेटॉनिमी. पेपरात एकच विचारला असेल तर जो तुम्हाला दोन ओळींत नीट समजावता येतो तो लिहा, आणि समजावताना कोणता शब्द अडला ते त्या शब्दाचं नाव घेऊन लिहा, नुसतं "हिअर द हिल इज पर्सॉनिफाइड" लिहून सोडू नका, रिमेंबर्स हा शब्द उत्तरात दिसला पाहिजे.